मेंदूज्वर : ताप डोक्यात चढतो तेव्हा

'ताप डोक्यात चढला' असे आपण सहज म्हणून जातो. जोराच्या तापात माणूस बरळू लागला, घरच्यांना ओळखेनासा झाला, की कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या आणि ताप उतरण्याची वाट पाहायची, ही आपली जुनी रीत. पुष्कळदा ताप उतरतो आणि माणूस शुद्धीवर येतो. पण काही वेळा प्रकार अगदी उलटा असतो. ताप डोक्यात चढलेला नसतो. दुखणे मेंदूतच सुरू झालेले असते आणि ताप हे त्याचे केवळ एक चिन्ह असते. अशा वेळी वाट पाहण्यात घालवलेला प्रत्येक तास महाग पडतो.

या दुखण्याला मेंदूज्वर म्हणतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी भातशेती आहे आणि पुष्कळांच्या परसात डुकरे आहेत. मेंदूज्वराच्या एका मुख्य प्रकाराचा या दोन्हींशी जवळचा संबंध आहे. म्हणून यंदा या पानावर खते-बियाण्यांऐवजी याच विषयाची माहिती द्यावी असे आम्ही ठरवले. ती वाचून कोणी घाबरून जाऊ नये, आणि दुर्लक्षही करू नये.

मेंदूज्वर म्हणजे काय?

पायाला काटा रुतला आणि जखम चिघळली की पाय सुजतो. पायाला सुजायला जागा असते. मेंदू मात्र कवटीच्या हाडाच्या पेटीत बंद आहे. त्याला सूज आली तर ती बाहेर पसरू शकत नाही. मग आतला दाब वाढतो, मेंदूच्या पेशी चेपल्या जातात, आणि बोलणे, चालणे, ओळखणे, गिळणे, शेवटी श्वास घेणे, अशी मेंदूच्या ताब्यातील एकेक कामे बिघडू लागतात. सूज मेंदूवरील आवरणापुरती असली तर तिला मेंदूच्या आवरणाचा दाह म्हणतात, खुद्द मेंदूला असली तर मेंदूज्वर. पुष्कळदा दोन्ही एकत्रच असतात.

सुरुवात साध्या तापासारखीच होते. अंग दुखते, डोके ठणकते, उलट्या होतात. पुढील चिन्हे मात्र साध्या तापाची नव्हेत :

– माणूस असंबद्ध बोलतो, माणसे किंवा जागा ओळखत नाही.
– सतत गुंगीत राहतो, हाक मारली तरी नीट जागा होत नाही.
– आकडी किंवा झटके येतात.
– स्वभाव एकाएकी पालटतो; शांत माणूस अंगावर धावून येतो किंवा उगाच घाबरतो.
– मान ताठते, एखादा हात-पाय लुळा पडतो, जीभ जड होते.

तान्ह्या मुलाला बोलता येत नाही. ते अंगावर पिणे सोडते, किंचाळल्यासारखे रडते किंवा निपचित पडून राहते, आणि त्याची टाळू फुगलेली लागते. ताप आणि त्याबरोबर यांपैकी एक जरी चिन्ह दिसले तरी सकाळपर्यंत थांबू नये, हे या लेखाचे सार आहे. वाचकाच्या लक्षात यातले काहीच राहिले नाही, तरी एवढे एक वाक्य राहावे.

कारणे एक नव्हेत, अनेक

मेंदूज्वर हे एकाच रोगाचे नाव नाही. बहुतेक वेळा तो विषाणूमुळे होतो आणि हे विषाणू अनेक जातींचे आहेत. ओठावर तापाचे फोड आणणारा हर्पीस नावाचा विषाणू क्वचित मेंदूत शिरतो. गोवर, गालगुंड आणि कांजिण्या यांतूनही मेंदूला सूज येऊ शकते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यातून होणारा रेबीज हाही मेंदूचाच दाह आहे. तो एकदा उमटला की जवळजवळ कोणीच वाचत नाही; पण चावल्याबरोबर जखम साबणाने व भरपूर वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लस घेतली तर तो टळतो.

काही कारणे आपल्या भोवतालच्या मुलखातली आहेत. नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा या गावाच्या नावाचा एक विषाणू आहे. तो तिथे १९६५ साली सापडला. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी बारीक वाळूमाशी तो पसरवते आणि त्याचा घाला लहान मुलांवर पडतो. २००३ साली आंध्र प्रदेशात त्याची मोठी साथ आली. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये व शेजारच्या भागांत मिळून जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले. त्यांत ८२ मृत्यू झाले, आणि ६४ रुग्णांत चांदीपुरा विषाणू असल्याची खात्री झाली. या रोगात मूल एक-दोन दिवसांतही दगावू शकते. गोव्यात सत्तरी तालुक्यात २०१५ पासून आढळलेला माकडताप गोचिडीतून येतो, आणि तोही काही रुग्णांत मेंदूपर्यंत जातो. झाडाझुडपांतल्या अतिसूक्ष्म किड्याच्या चाव्यातून होणारा स्क्रब टायफस हा ताप विषाणूचा नव्हे. चाव्याच्या जागी कधी कधी विडीने भाजल्यासारखी काळी खपली दिसते. तोही मेंदूवर जाऊ शकतो, पण वेळेत ओळखला तर डॉक्सिसायक्लिन या स्वस्त औषधाने बरा होतो.

आणखी एक प्रकार डॉक्टरांना २००७ पासून स्पष्टपणे ओळखता येऊ लागला. यात बाहेरचा जंतू नसतो. शरीराची स्वतःची संरक्षणशक्तीच चुकून मेंदूवर उलटते. पुष्कळदा तरुण मुली याला बळी पडतात. चार-आठ दिवसांत चांगली शहाणी मुलगी भास झाल्यासारखे बोलते, ओरडते, तोंड वेडेवाकडे करते, मग झटके येतात. हिला 'बाहेरचे' झाले आहे असे म्हणायला गावाला वेळ लागत नाही. वास्तविक हे मेंदूचे दुखणे आहे, त्यावर उपचार आहेत, आणि ते लवकर सुरू झाले तर बहुतेक रुग्ण सुधारतात.

भातखाचर, डुक्कर आणि डास

आता ज्याचा आपल्या शेतीशी संबंध आहे त्या जपानी मेंदूज्वराकडे वळू. नाव जपानी पडले, कारण तो प्रथम त्या देशात ओळखला गेला. १९२४ साली तिथे त्याची फार मोठी साथ आली होती. भारतात १९५५ साली तमिळनाडूतील वेल्लोर येथे त्याचे रुग्ण प्रथम ओळखले गेले. १९७३ साली पश्चिम बंगालमध्ये बांकुडा व बर्दवान या जिल्ह्यांत साथ आली. पुढे कर्नाटकात कोलार आणि मंड्या भागांत, तसेच गोव्यातही रुग्ण आढळले. २००५ साली उत्तर प्रदेशात गोरखपूर व आसपासच्या भागात मेंदूज्वराने हजाराहून अधिक माणसे गेली. त्यांत बहुतेक मुले होती.

या विषाणूचे खरे घर म्हणजे बगळ्यासारखे पाणपक्षी आणि डुक्कर. डुकराच्या रक्तात तो थोडे दिवस मोठ्या प्रमाणावर वाढतो. त्या दिवसांत डास त्याला चावला की विषाणू डासात जातो, आणि तोच डास पुढे माणसाला चावला की माणसात. हा डास क्युलेक्स जातीचा. तो भातखाचरात आणि पाणथळ डबक्यांत अंडी घालतो आणि तिन्हीसांजेपासून रात्रभर, बहुधा घराबाहेर, चावतो. गाई-म्हशींचे रक्त त्याला अधिक आवडते. पण त्यांच्या शरीरात विषाणू फारसा वाढत नाही, म्हणून गुरांकडून रोग पुढे जात नाही. माणसाकडूनही तो पुढे जात नाही. रुग्णाला शिवल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने किंवा त्याची सेवा केल्याने जपानी मेंदूज्वर होत नाही. तेव्हा ज्या घरी रुग्ण आहे त्या घराची पायरी टाळण्याचे काहीही कारण नाही.

डुकराचे मांस खाल्ल्याने हा रोग होतो का, असा प्रश्न हमखास विचारला जातो. नाही. तो डासाच्या चाव्यानेच होतो. नीट शिजवलेल्या मांसाची भीती बाळगू नये.

ज्यांना डास चावतो ते सारेच आजारी पडत नाहीत. संसर्ग झालेल्या शेकडो माणसांत एखाद्यालाच मेंदूज्वर होतो. पण ज्याला होतो त्याची परीक्षा कठीण असते. अशा शंभर रुग्णांपैकी तीसपर्यंत दगावू शकतात, आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना लुळेपणा, आकडी, मंदपणा असे काही ना काही कायमचे मागे राहते. या विषाणूवर नेमके औषध आजही नाही. म्हणून येथे प्रतिबंध हाच मोठा उपाय.

शेतात आणि परसात काय करता येईल?

लावणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रोपे विरळ असतात, पाण्यावर ऊन पडते आणि डासांच्या अळ्या भराभर वाढतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्याच्या आत खाचर एकदा कोरडे पडले तर अळ्या मरतात. पावसाळी भातात हे आपल्या हाती नसते, कारण वरून धार चालूच असते. पण वायंगणी किंवा पाटाच्या पाण्यावरच्या भातात ते जमते. रोप रुजल्यावर पाणी सतत तुंबवून न ठेवता आळीपाळीने द्यावे. जमिनीवरचे पाणी आटू द्यावे, जमीन ओलसर असतानाच, फार भेगा पडण्याआधी पुन्हा दोन इंच पाणी सोडावे. फुलोऱ्याच्या सुमारास मात्र पाणी तोडू नये, त्याने दाणा पोचट राहतो. या पद्धतीने पाण्याची बचत होते आणि उत्पन्नही घटत नाही. बांध सारखे ठेवून खाचर सपाट केले तर मध्ये डबकी राहत नाहीत. युरिया देताना निंबोळी पेंडीचा वापर केल्यास खाचरातील अळ्या कमी होतात, असे तमिळनाडूत मदुराईच्या परिसरातील प्रयोगांत दिसून आले आहे. विहिरीजवळचे आणि गोठ्यामागचे खड्डे बुजवावेत. जे बुजवता येत नाहीत त्यांत अळ्या खाणारे मासे सोडावेत आणि त्यासाठी आरोग्य केंद्राचा सल्ला घ्यावा.

डुकरे पाळणे हा कित्येक कुटुंबांचा आधार आहे. मुलीचे लग्न, मुलाची फी, घराची कौले त्यातूनच निघतात. ती विकून टाका असे आम्ही सांगणार नाही. त्यांची राखण मात्र नीट व्हावी. डुकरे गावभर मोकळी सोडू नयेत. त्यांचा गोठा घराच्या भिंतीला चिकटून नसावा, शक्य तितका लांब असावा. हा डास किलोमीटरभर आणि त्याहूनही दूर उडू शकतो, म्हणून केवळ अंतरावर विसंबून चालणार नाही. तिन्हीसांजेच्या आत गोठ्याला बारीक जाळी किंवा जुनी मच्छरदाणी लावावी, सांडपाण्याला उतार द्यावा.

या रोगात मोठे डुक्कर बहुधा आजारी दिसत नाही. पण गाभण मादी गाभ टाकते, किंवा मेलेली, सुकून काळी पडलेली पिल्ले देते. २०२२ साली ऑस्ट्रेलियात अशाच मेलेल्या पिल्लांवरून ऐंशीहून अधिक ठिकाणच्या डुकरांत हा विषाणू असल्याचे कळले. म्हणून अशी पिल्ले निपजली तर मुकाट्याने पुरून न टाकता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. डुकरांचा तो तोटा शेजारच्या लेकरांसाठी आगाऊ इशारा ठरू शकतो.

लस

जपानी मेंदूज्वरावर लस आहे आणि ती चांगली काम करते. २००५ च्या साथीनंतर, २००६ पासून, सरकारने रोगाचा प्रादुर्भाव असलेल्या जिल्ह्यांत मुलांना ही लस देण्यास सुरुवात केली. कोलार भागात मिळालेल्या विषाणूपासून तयार केलेली भारतीय लसही २०१३ पासून उपलब्ध आहे. नियमित लसीकरणात पहिला डोस मूल नऊ महिन्यांचे पूर्ण झाल्यावर, गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर, आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात. ही लस सर्वच जिल्ह्यांत दिली जात नाही. आपला जिल्हा त्यात आहे का हे आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंना विचारून घ्यावे, आणि असल्यास डोस चुकवू नये. या लसीने फक्त जपानी मेंदूज्वर टळतो, इतर प्रकार टळत नाहीत. म्हणून मच्छरदाणी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे सुटत नाहीत. अंगणात किंवा खळ्यावर राखणीला झोपणाऱ्यांनी तर मच्छरदाणीशिवाय झोपूच नये.

आकडी आली तर

आकडी आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरणे, दातांत चमचा घालणे, तोंडात पाणी ओतणे, हातपाय दाबून धरणे, हे सारे आपल्याकडे चालते. यातले काहीही करू नये. चमच्याने दात तुटतात आणि पाणी श्वासनळीत जाते. माणसाला एका कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ व उलटी बाहेर पडेल. गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, आसपासची टोकदार वस्तू दूर करावी, आणि आकडी किती वेळ चालली हे घड्याळात पाहावे. ती पाच मिनिटांत थांबली नाही तर धोका मोठा आहे असे समजावे.

रुग्ण शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तरच तापासाठी वजनाच्या मानाने पॅरासिटामॉल द्यावे. मुलांना ऍस्पिरिन कधीही देऊ नये. अंग कोमट पाण्याने पुसावे. मग १०८ वर फोन करून गाडी बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने मोठ्या रुग्णालयात न्यावे. गावातल्या गावात सुया-सलाईन घेत दोन दिवस काढणे म्हणजे हातची वेळ गमावणे. ताप कधी आला, आकडी किती वेळा आली, कोणती औषधे दिली, कुत्रे किंवा गोचीड चावली होती का, डुकरे-गुरे जवळ आहेत का, हे एका कागदावर लिहून बरोबर न्यावे.

पाठीतले पाणी काढण्याची भीती

रुग्णालयात डॉक्टर पाठीच्या कण्यातून थोडे पाणी काढून तपासायचे म्हणतात आणि येथे नातेवाईक अडून बसतात. 'सुई मारली की माणूस कायमचा लुळा होतो' ही समजूत घरोघर आहे. ती खरी नाही. आपली मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागात संपते आणि सुई त्याच्या खाली घालतात. काही दिवस डोके किंवा कंबर दुखू शकते, एवढेच. मेंदूला फार सूज असल्याची शंका असेल तर डॉक्टर आधी डोक्याचा फोटो काढून खात्री करून घेतात. ज्याला पुढे लुळेपणा येतो त्याला तो रोगाने येतो, सुईने नव्हे.

या पाण्याची तपासणी एवढी महत्त्वाची का? कारण औषध कारणावर अवलंबून आहे. हर्पीसचा मेंदूज्वर उपचारावाचून राहिला तर दहांपैकी सात रुग्ण दगावत. १९८० च्या दशकात ऍसायक्लोव्हिर हे औषध शिरेतून देण्यास सुरुवात झाली आणि हे प्रमाण निम्म्याहून खाली आले. ते जितके लवकर सुरू होईल तितका मेंदू वाचतो, म्हणून शंका आली तरी डॉक्टर तपासणीच्या उत्तरासाठी न थांबता ते सुरू करतात, आणि ते दोन ते तीन आठवडे चालवावे लागते. 'आता शुद्धीवर आला' म्हणून मधेच घरी आणू नये. जंतूंमुळे किंवा क्षयामुळे आवरणाचा दाह असेल, हिवताप मेंदूवर गेला असेल, तर त्यांची औषधे निराळी आहेत. विषाणूवर औषध नसले तरी श्वास, झटके, मेंदूवरचा दाब आणि पोषण सांभाळण्यानेही रुग्ण वाचतात.

घरी आल्यानंतर

रुग्ण घरी आला की गाव म्हणते, 'सुटला बिचारा.' पण घरच्यांचे खरे काम तेव्हा सुरू होते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी पालटावी, नाहीतर पाठीला जखमा होतात. भरवताना त्याला बसते करावे, पातळ पदार्थ घोटघोट द्यावेत, ठसका लागला तर थांबावे. शिकवलेला व्यायाम रोज करून घ्यावा, म्हणजे सांधे आखडत नाहीत. आकडीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नयेत. आकडीचा धोका असेपर्यंत त्याला विहिरीवर, नदीवर किंवा चुलीपाशी एकटे सोडू नये.

काही इजा डोळ्यांना दिसत नाहीत. हातपाय चालतात, पण मूल विसरते, लवकर चिडते, वर्गात मागे पडते. कर्ता पुरुष असेल तर त्याला हिशेब जमेनासा होतो, लहान गोष्टीवरून तो ताट भिरकावतो. हा माज किंवा आळस नव्हे, भाजून निघालेल्या मेंदूची ती खूण आहे. पुष्कळांत सुधारणा वर्ष-दोन वर्षे हळूहळू होत राहते. धीर सोडू नये. कायमचे अपंगत्व राहिले तर सरकारी रुग्णालयातून दाखला काढावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शिक्षण आणि साहाय्य यांचे हक्क दिले आहेत; ते मागण्यात कमीपणा नाही. आणि शेजाऱ्यांनी नुसते पाहून हळहळण्यापेक्षा आठवड्यातून दोन तास रुग्णापाशी बसावे, म्हणजे त्या घरच्या बाईला डोळ्याला डोळा लावता येईल.

एक शेवटची गोष्ट

आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण आजाऱ्याच्या उशाशी डॉक्टरांबरोबर धर्मगुरूलाही बोलावतात, आणि बरळणाऱ्या रुग्णासाठी तर कधी कधी डॉक्टरांच्या आधीच. म्हणून स्पष्ट सांगतो. प्रार्थनेसाठी अवश्य बोलवा, अपरात्री बोलवा, आम्ही येऊ. पण आधी गाडी बोलवा. प्रार्थना गाडीतही करता येते आणि रुग्णालयाच्या ओसरीवरही. रुग्णाला आधी अंगारे-धुपारे करणाऱ्याकडे, मग आमच्याकडे आणि शेवटी रुग्णालयात नेणे, यात जो दिवस जातो तो परत मिळत नाही.

कात्रण कापून दाराआड लावायचे असेल तर एवढेच लावा : ताप आणि भ्रम, ताप आणि गुंगी, ताप आणि आकडी. यांपैकी एक जरी जोडी दिसली तरी त्याच घटकेला रुग्णालय.